समजूत घालायला गेलेली माणसं

२ मे

चि. वकीलबाईस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या दादाचा फोन आला होता. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरते, हे तुला माहीत आहे. पण या वेळी जे ऐकू आलं तेच पुरे होतं. त्यांची छोटी तापात गेली तेव्हापासून सूनबाई शिवणघरात फिरकलेली नाही, प्रार्थनेला येत नाही, आणि आता कायमचं माहेरी जायचं म्हणते आहे. शाळा उघडायला आल्या, गणवेशाचे तागे तसेच पडून आहेत. सांगताना दादा रडला गं. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला तेव्हाही तो रडला नव्हता.

आता माझं ऐक. तू त्याच घरात राहतेस. कॉलेजात मुलांना धर्मशास्त्र शिकवतेस. ज्याची मुलंबाळं, गुरंढोरं, सगळं गेलं त्या ईयोबाची गोष्ट तुझ्याइतकी आपल्यात कोणाला ठाऊक आहे? मग सूनबाईची समजूत घालायला दुसरं कोण येणार? मी जेवणाआधीची प्रार्थना लांबवली की तू देवाची बाजू घेऊन माझ्याशी भांडायचीस, की त्याला पहिल्यांदाच सांगितलेलं कळतं, आमटी गार होतेय; म्हणून तर तुझं नाव वकीलबाई पडलं. ते तोंड आता कामाला लाव. मीच आले असते, पण गुडघा जिना उतरू देत नाही.

लोभ आहेच, तो वाढवायचं काम तुझं.
तुझी आत्या


१२ मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं आणि सगळ्याची वाट लावली.

रविवारी दुपारी वहिनीच्या खोलीत गेले. वर्गात जाते तशी तयारी करून गेले होते. दुःखातून माणूस कसा घडतो ते सांगितलं. देवाची योजना आपल्याला पूर्ण दिसत नाही, हेही सांगितलं. वर तिच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं, की आपण कापडाची उलटी बाजू बघतो, सुलट बाजूला नक्षी असते. काय सुचलंय म्हणून स्वतःवरच खूश झाले होते. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की उलट्या बाजूला धागे लोंबत असतील तर ती गिऱ्हाइकाला माल देत नाही. आणि उठून तिनं पलंगाखालची बॅग ओढली. माझ्या उत्तरात तिची मुलगी कुठेच मावत नाही, एवढं बोलली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली. दादा दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आज वर्गात नेमके ईयोबाचे मित्र शिकवायचे होते. ते येतात, त्याची दशा बघून रडतात, सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. तोवर सगळं ठीक असतं. मग तोंड उघडतात, आणि त्याच्यावर हे का कोसळलं ते त्यालाच पटवू लागतात. शेवटी देव रागावतो तो ओरडणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची बाजू मांडणाऱ्या या शहाण्यांवर. दर वर्षी मी हे मुलांना रंगवून सांगते. आज सांगता सांगता मध्येच पुस्तक मिटलं. आत्या, इतकी वर्षं या गोष्टीतली मी कोण, हा प्रश्नच मला पडला नव्हता.

आणि ‘समजूत घालणं’ हा शब्द तरी बघ. जणू समजूत ही टोपी आहे, आपल्याकडे जास्तीची आहे, दुसऱ्याच्या डोक्यावर घालायची. माझ्याकडे कुठे आहे ती? छोटी का गेली हे मला समजलेलं नाही. जे माझ्याजवळच नाही ते मी वहिनीला घालायला निघाले होते.

वहिनीची गाडी पुढच्या शनिवारची आहे. मी कॉलेजातून रजा घेतली आहे. उद्यापासून शिवणघर मी उघडणार आणि तोंड बंद ठेवणार. मला बटणही धड लावता येत नाही म्हणून तू हसशील. खुशाल हस.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी वकील


२० मे

चि. वकीलबाईस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग आठवलं की तुला पाठवलं मीच. सूनबाईला मीही चार पानं लिहून ठेवली होती, सगळं भल्यासाठीच होतं वगैरे. ती फाडली. पाकिटावरचं तिकीट वाफेवर सोडवून या पत्राला लावलं आहे, ते वाकडं दिसलं तर समजून घे.

एकच सांगते. आपलं शहाणपण तोकडं आहे हे मला मान्य. पण तोकडं म्हणजे अजिबातच नाही, असं नव्हे. ती जेवली का हे बघण्याइतकं तुझ्याकडे नक्की आहे. तेवढं वापर. येत्या शनिवारी काय होतं ते कळव, माझा जीव टांगणीला लागलाय.

तुम्हा सगळ्यांची,
आत्या


९ जून

ती. आत्याबाईंना शि. सा. न. वि. वि.

मी गेले नाही. उशिरा कळवते आहे, क्षमा असावी. वकीलबाईंना लिहू नका म्हटलं होतं, हे मला स्वतः लिहायचं होतं.

त्या शनिवारी बॅग घेऊन खाली उतरले तर शिवणघरात मशीन चालू होतं. वकीलबाई घामाघूम होऊन सदरे शिवत होत्या आणि प्रत्येक सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावत होत्या. असा ढीगच झाला होता. मला बघून त्या उठल्या नाहीत, थांब म्हणाल्या नाहीत. नुसती खुर्ची सरकवली. तुमच्या भाचीला ओठ मिटून बसलेलं तुम्ही तरी कधी पाहिलंय का? गाडीला वेळ होता, म्हणून मी शिवण उसवायला बसले. उसवता उसवता गाडी निघून गेली. ह्यांनी बॅग वर नेऊन ठेवली, हे फार बरं केलं.

मग रोजच बसू लागलो. एकदा मीच विचारलं, की माझीच मुलगी का? त्या म्हणाल्या, माहीत नाही. आणि त्यांना रडू फुटलं. या घरात पहिल्यांदा कोणीतरी मला खरं बोललं, आत्याबाई. म्हणून मीच पुढे विचारलं, की मग देवानं ईयोबाला शेवटी काय उत्तर दिलं? तर काहीच नाही म्हणे. उलट त्यालाच प्रश्न विचारले. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? डोंगरातल्या रानशेळ्या कधी वितात, तुला ठाऊक आहे का? मी म्हटलं, हे कसलं उत्तर? त्या म्हणाल्या, त्यांनाही ते पुरतं पचलेलं नाही.

मला राग आला होता, अजून आहे. पण ती रानशेळी डोक्यातून जात नाही. जिथे माणूस पोचत नाही तिथल्या शेळीच्या वेणाही ज्याला ठाऊक आहेत, त्याला माझ्या छोटीचा ताप ठाऊक असणारच. ठाऊक होता, तरी त्यानं काही केलं नाही. तेव्हा मी त्यालाच विचारणार, मधल्या कोणाला नाही. प्रार्थनेला पुन्हा जाते आहे ती त्यासाठीच. शेवटच्या बाकावर बसते आणि मनातल्या मनात भांडते. जन्मभर उत्तर मिळालं नाही तरी विचारणं सोडणार नाही, आणि हे घरही सोडणार नाही.

सगळी मापं कापून झाली होती. छोटीच्या वयाच्या मुलींचं एक माप मागे राहिलं होतं, त्या ताग्याला हात लागत नव्हता. आज सकाळी तो टेबलावर पसरला. वकीलबाईंनी न सांगता दुसरं टोक धरलं. खडूची रेघ ओढली आणि कात्री घातली. कात्रीनं रेघ सोडली नाही. सोमवारी शाळा उघडते आहे. त्या मुलींना वेळेवर कपडे मिळतील.

आशीर्वाद असू द्यावा.
तुमची सून