खुर्चीत अजून कोणी नाही

प्रिय ठमे,

बाबांचं रेकॉर्डिंग कधी पाठवतेस, असं तू फोनवर तीनदा विचारलंस. एकदा मी म्हटलं, शोधते. एकदा म्हटलं, कॉम्प्युटर बिघडलाय. तिसऱ्यांदा दारावर कोणीतरी आल्याचं सांगून फोनच ठेवला. दारावर कोणी नव्हतं. हल्ली येतं कोण?

बाकी घर ठीक आहे. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला. चहा अजूनही दोन कप टाकला जातो; उरलेला दुपारी गरम करून पिते. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, हा काढा पिण्यापेक्षा माणसं बोलाव. माणसं बोलावणं हेच तर माझं काम होतं. मी निवृत्त झाल्यावर वाचनालयाने रेकॉर्डर हातात दिला आणि सांगितलं, ज्यांनी देशासाठी, लोकांसाठी आयुष्य झिजवलं, त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून घ्या. सहा वर्षांत त्रेचाळीस जण आपल्या पुढच्या खोलीत येऊन बसले. साथीच्या दिवसांत दोन महिने घरी न गेलेल्या नर्सबाई, पुरात होडीतून औषधं पोचवणारे पोस्टमन. अग्निशमन दलातले काका तर बोलता बोलता रडले, आणि जाताना मला ऐकवून गेले की चहात साखर कमी होती.

बाबांकडे टेस्टिंग. सैन्यात चोवीस वर्षं वायरलेसवर काढलेला माणूस. माइकसमोर नुसतं एक-दोन-तीन म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटे. पाहुणा यायच्या आधी ते त्या वेताच्या खुर्चीत बसायचे आणि दिसेल ते कळवायचे. आभाळ स्वच्छ. शेजारच्यांची मांजर भिंतीवर. बाईसाहेब स्वयंपाकघरात, मूड बरा नाही. आणि शेवटी, स्वतः खुर्चीत ऐसपैस बसलेले असताना, अगदी गंभीर आवाजात: खुर्चीत अजून कोणी नाही. तू सुट्टीत आली होतीस तेव्हा हे ऐकून केवढी हसली होतीस.

वाचनालयाचा नियम असा, की रेकॉर्डिंग पाहुण्याच्या नावापासूनच सुरू व्हायला हवं. आधीचं सगळं कापायचं आणि मूळ फाइल पुसून टाकायची. नियमाच्या बाबतीत मी कशी आहे, ते तुला माहीत आहे. त्रेचाळीस वेळा कापलं गं, या हातांनी.

बाबांना त्या खुर्चीत बसवायचं नव्हतं असं नाही. पण घरचा माणूस, केव्हाही बसवता येईल असं वाटायचं. बाहेरचे लोक थकलेले, त्यांना कसं थांबवणार? सैन्यात असताना त्यांनी ज्या पुलावर तीन दिवस काढले, तिथे काय झालं, हे मी लग्नानंतर एकदाच विचारलं होतं. सांगेन सावकाश, म्हणाले. पुढे कितीतरी वर्षांनी, रेकॉर्डरच्या वायरी गुंडाळताना त्यांनीच विचारलं, आमचा नंबर कितवा? मी म्हटलं, सगळे संपले की. ते हसले. मीही.

चव्वेचाळिसावे म्हणून एक रुग्णवाहिका चालवणारे येणार होते. ऐनवेळी त्यांचा येत नसल्याचा निरोप आला, म्हणून तेवढी एक फाइल कापायची राहिली. पुढच्याच आठवड्यात बाबा गेले. चाळीस सेकंद आहेत. आभाळ, मांजर, बाईसाहेब, खुर्ची. मग ते बंद करत नाहीत. नुसता श्वास ऐकू येतो, थांबलेत. आतून माझा आवाज येतो, झालं असेल तर बंद करा, बॅटरी संपते. आणि ते म्हणतात, बरं.

तर या चाळीस सेकंदांपलीकडे रेकॉर्डिंग नाही, ठमे. फोनवर सांगवेना म्हणून लिहायला बसले. आणि आणखी एका कारणासाठी. तुला गालगुंड झालं होतं, तेव्हा आठवडाभर ते तुझ्या उशाशी बसून पुलाची गोष्ट सांगत होते. मी ऑफिसमधून आले की तुम्ही दोघं गप्प. तेव्हा मला राग यायचा, आज कबूल करते. मला सांगायचं राहिलं ते तुझ्याकडे आहे. रजा मिळेल तेव्हा ये, त्या खुर्चीत बस आणि आठवेल तेवढं सांग. मागचं पुढे झालं तरी चालेल. टेस्टिंग मी करीन. त्यांच्यासारखंच, आभाळापासून. आणि या वेळी ते कापणार नाही.

घाई नाही, पण वाट पाहतेय.

तुझीच,
आई