लक्ष न घालण्याचा निश्चय

३० जानेवारी
फिंच पक्ष्यांच्या जोडीने पहिली अंडी घरट्याबाहेर ढकलून दिली. सगळी फुटली. पिंजरा पुसताना बायको म्हणाली, पुढच्या खेपेला पिल्लं झाली नाहीत तर जोडी दुकानात परत. पिंजरा ठेवलाय ती मुलीची रिकामी खोली तिला हवी आहे. रिटायर झाल्यापासून माझी वाट बघणारं त्या खोलीतच काय ते कुणी आहे. हे बायकोला सांगितलं नाही.

पक्षीवाल्याला फोन केला. म्हणे, घरट्यात सारखं डोकावू नका. म्हणजे खापर माझ्यावरच! मादीच मुळात नवखी.

७ फेब्रुवारी
पुन्हा अंडी! निश्चय: आता घरट्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.

दुपारी. बघितलं नाही. मादी बसली आहे ना, एवढंच चेक केलं. बसली नव्हती. बायकोचं म्हणणं, मला बघूनच उठली. काहीतरीच.

११ फेब्रुवारी
मोबाइलच्या टॉर्चवर एक अंडं धरून पाहिलं. आत लालसर रेघा. जीव आहे! याला डोकावणं म्हणत नाहीत, इन्स्पेक्शन म्हणतात. जन्मभर नोकरीत दुसरं काय केलं?

मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, त्यांना जरा एकटं सोडा. या पिढीला जबाबदारी म्हणून काही नाहीच.

१५ फेब्रुवारी
नर अंड्यांवर गवत रचतोय. घरट्याला वरचा मजला काढतोय बहुतेक. हुशार आहे.

१६ फेब्रुवारी
बायको म्हणाली, मजला कसला, अंडी गाडून टाकली त्यांनी. खात्री करायला स्टुलावर चढलो.

१७ फेब्रुवारी
झोपून लिहितोय. स्टूल डुगडुगलं, पाठीची पार वाट लागली. डॉक्टर म्हणाले, महिनाभर अंथरूण सोडायचं नाही. अंडी थंडगार लागली हाताला. पाठीपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं. माझ्या दुखण्याच्या गडबडीत बायकोचा दुकानात फोन करायचा राहिला, तेवढंच बरं.

२ मार्च
जोडीने पुन्हा अंडी घातली आहेत. बायकोला रोज सूचना देतो. टॉर्च कुठून मारायचा, अंडं कसं धरायचं. ती हो हो म्हणते, दाणापाणी ठेवते आणि दार ओढून घेते. अशाने कुठे पिल्लं होतात? उठलो की सगळं मलाच हातात घ्यावं लागणार.

१८ मार्च
भिंतीपलीकडून बारीक चिवचिव. बायकोला विचारलं. तीन पिल्लं आहेत. "आठवडा होत आला. तुम्हाला मुद्दामच सांगितलं नाही." जोडी आता परत जाणार नाही, हेही तीच म्हणाली.

भिंतीला धरून दारापर्यंत गेलो. मला बघताच मादी भुर्रकन घरट्याबाहेर. पिल्लं गप्प. मुकाट्याने परत येऊन पडलो.

२० मार्च
डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, पाठ छान झाली, उद्यापासून घरात हिंडायला हरकत नाही. बायको पुटपुटली, पिल्लं उडायला अजून दोनेक आठवडे लागतील. मग माझ्याकडे बघत राहिली. पलीकडे पिल्लांचा कालवा चालला होता.

मी म्हटलं, "डॉक्टर, अजून दुखतंय हो."