बाबांचं थंड जॅकेट

प्रिय चिमणे,

तू शिवून पाठवलेलं थंड जॅकेट बाबांना अगदी मापात बसलं. पहिल्याच दिवशी डांबर पसरणाऱ्या सगळ्या टोळीला दाखवून आले म्हणे. इकडे फ्रीजरवर मात्र त्यांचंच राज्य. जॅकेटच्या खिशांतल्या चार जेलच्या पिशव्या गोठवायच्या म्हणून माझे मटार हद्दपार झालेत.

जॅकेट यायच्या आधी डोकं जड झालं की ते गुपचूप सावलीत जाऊन बसायचे. आता छातीला गार लागतं, त्यामुळे थकवा कळतच नाही. मुकादम तर बिलंदर. जॅकेटवाल्याला कसली विश्रांती, म्हणतो, आणि तुझे बाबा हसून फावडं उचलतात. पिशव्या दोन तासांत वितळतात. उरलेला दिवस अंगावर नुसतं ओझं, तरी घरी येईपर्यंत काढत नाहीत.

मंगळवारी घरी आले, बूट काढले आणि फ्रीजमध्ये ठेवले. मी पोट धरून हसले. मग बघते तर जेलच्या पिशव्या चपलांच्या शेजारी ओळीने मांडत होते. हाक मारली तर मलाच 'ताई' म्हणाले. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. इतकी घाबरले ग मी, शेजाऱ्यांची गाडी बोलवायला त्यांचा नंबरच आठवेना. दोन दिवस सलाइनवर होते. आता बरे आहेत, खरंच. काल चहात साखर कमी पडली म्हणून भांडलेसुद्धा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशव्या कोमट झाल्या की ते जॅकेट रजईचं काम करतं, अंगातली उष्णता बाहेर पडू देत नाही. तेव्हा ते लगेच काढायचं, आणि सावली सोडायची नाही.

तुला यातलं काही कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातलीय. फोन करावा तर कान टवकारून शेजारीच बसतात. म्हणून तुझ्याकडच्या बसने निघालेल्या शेजारणीच्या हाती हे पत्र देतेय. सोमवारी ते पुन्हा कामावर जाणार. मी जॅकेट लपवून पाहिलं, भांडून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी काल त्यांनी तोंड उघडलं. म्हणाले, पोरीने पहिल्यांदा माझ्यासाठी काही शिवलंय, ते चारचौघांत काढून बाजूला कसं टाकू? माझं ते ऐकणार नाहीत. तू आजच फोन कर आणि सांग, बाबा, तुम्ही ते काढलंत तरी मला वाईट वाटणार नाही.

तुझीच,
घाबरलेली आई