गार कपाळ

मंगळवार, ३ डिसेंबर
शाळेत पालकांची सभा. मुलगा नोकरीला लांब, सूनबाईला रजा मिळेना — म्हणून मीच गेलो. नात पहिलीत आहे. नाव काहीही असो, आम्ही भिंगरीच म्हणतो. नर्सबाईंनी फ्लूची माहिती दिली. खोकताना तोंडावर कोपर धरा, हात साबणाने धुवा, लस टोचून घ्या. आणि ताप असलेलं मूल शाळेत पाठवू नका. औषधाशिवाय ताप उतरून अख्खा दिवस गेला की मगच. "कळलं ना, आजोबा?" सगळ्यांच्या आधी मी मान डोलावली. मी चौथी नापास, पण एवढं कळलं.

सोमवार, ९ डिसेंबर
सूनबाई कामावर गेली आणि भिंगरी उठली ती कढत अंगाने. दिवसभर तापातल्या पोरीजवळ मी एकटा? गेल्या वर्षी तापात तिला झटका आला, तेव्हा मी दारात उभा राहून नुसता ओरडत होतो. शेजारीण धावली म्हणून निभावलं. शाळेत निदान चार शहाणी माणसं तरी असतात.

तापाचं गोड औषध पाजलं. फाटकात शिपाई कपाळासमोर ते तापाचं यंत्र धरतो — म्हणून कोपऱ्यावरच्या नळाला रुमाल भिजवला आणि तिचं कपाळ चांगलं गार करून घेतलं. शिपाई आकडा बघून म्हणाला, "आजोबा, नातीला बर्फाच्या कारखान्यातून आणलीत काय?"
मी हसलो.

मंगळवार, १०
पोर तापाने फणफणली. सूनबाई घरी राहिली. "काल सकाळी बरी होती ना, बाबा?"
"होती."

गुरुवार, १२
भिंगरीचा ताप उतरतोय. पण वर्गातली निम्मी बाकं रिकामी आहेत म्हणे. शेजारणीचा नातूही आडवा झालाय. "कुणी दीडशहाण्याने आजारी पोर पाठवलं असणार. चांगला फोडून काढला पाहिजे." मी म्हणालो, हो ना.
हो ना म्हणालो!

शनिवार, १४
भिंगरीच्या वर्गाच्या बाईंना दवाखान्यात ठेवलंय. सातवा महिना चालू आहे त्यांना. श्वास पुरत नाही. सारखा हात धुतोय. "बाबा, कातडी निघेल आता," सूनबाई म्हणाली. चोर पळाल्यावर कडी लावतोय मी.

रविवार
काय लिहू.

मंगळवार, १७
सूनबाईला सांगून टाकलं. औषध, नळ, रुमाल — सगळं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, हात थांबले. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, "मला फोन का नाही केलात?"
तुझी नोकरी जाईल म्हणून, असं ओठांवर आलं होतं. तेही खोटंच.
"घाबरलो," म्हणालो. या वयात, सुनेसमोर.

शुक्रवार, २०
बाई धोक्याबाहेर. पोटातलं बाळही. सूनबाई म्हणाली, "त्यांना तुमच्या तोंडाने सांगा. मी येणार नाही बरोबर."

रविवार, २२
बाईंच्या घरी गेलो. मास्क लावून दाराबाहेरूनच सांगितलं. वर बघवलं नाही.
त्या म्हणाल्या, "ताप मला दुपारीच कळला होता, आजोबा. घरी फोन लावत होते, तर पोरीने माझा हात धरला. नको बाई, म्हणाली, घरी आजोबा एकटेच आहेत, घाबरतील. मग शाळा सुटेपर्यंत मांडीवर घेऊन बसले तिला."