कण्यातली दोरी

दरेकसा,
ता. ९ फेब्रुवारी १९५७

चि. घनश्यामभाऊजी यांस,

वहिनीचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. धान मळून झालं, यंदा फार उतरलं नाही. धानाच्या बांधीतली लाखोरीची डाळ मात्र उतू चालली आहे. माझी शामकला दुसरीत आहे. काका प्रयोगशाळेत काय करतात, असं सारखं विचारते. मी काय सांगू?

सासूबाई तुमचं नावही काढत नाहीत. ह्यांचं प्रेत नागपूरच्या दवाखान्यातून आणलं, तेव्हा आंघोळ घालताना पाठीवरची शिवण त्यांच्याच हाताला लागली. पाठ उघडायला डॉक्टरांना होकार मी दिला होता. शिव्या तुम्ही खाल्ल्यात, आणि मी गप्प बसले.

आता रोज दुपारी त्या दाराकडे बघत बसतात. "माझा चैतराम पाय घासत येऊन राहिला. कण्यातली दोरी तिकडं ठेवली, मंग जाईल कसा गा तो?" ती दोरी त्यांना परत हवी आहे, नदीत सोडायला. तीच मागायला मी हे पत्र लिहायला घेतलं.

भाऊजी, तो आवाज मलाही येतो. विहिरीवर जाताना मागून येतो, मी थांबले की थांबतो. एकदा तर मी रागावून म्हटलं, जिवंतपणी कधी माझ्या मागे पाणी भरायला आला नाहीत, आता काय हवंय? पण भीतीने जीव अर्धा झाला होता.

काल अंगण सारवलं आणि ओल्यावरूनच घागर घेऊन आले. वळून पाहिलं तर अंगठ्यांनी ओढलेल्या रेघा, ह्यांच्या पायांच्या उठायच्या तशाच. पण अंगणातून दुसरं कोणी आलंच नव्हतं. त्या माझ्याच होत्या.

तुम्ही मागे लिहिलं होतं, दोरीचे, म्हणजे मज्जारज्जूचे, पातळ काप करून काळ्या रंगात बुडवतात. धड नस काळी होते, मेलेली पांढरी राहते. ह्यांच्या कापांत पांढरे पट्टे निघाले, पण पाय लाखोरीनंच जातात, याची एकावरून डॉक्टरांची खात्री पटत नाही, असंही लिहिलं होतं.

तर ह्यांचं काही परत पाठवू नका. सासूबाईंना मी सांभाळीन. भात त्यांना आणि शामकलेला पुरेल एवढाच आहे, म्हणून लाखोरी मी एकटी खाते. पोरीला तिचा दाणाही देत नाही.

दुसरी दोरी लागली, तर मागायला संकोच करू नका. ह्या पत्रालाच माझा लेखी होकार समजा. फक्त काप तुम्ही स्वतः करा, परक्याच्या हाती देऊ नका.

तुमची वहिनी,
सुलोचना
(अजून चालते आहे)