कंत्राटदार नेमका करतो काय?

४ फेब्रुवारी

बाबांचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. हॉस्पिटलमधून ते थेट ताईकडे गेले, कारण आमची खालची बाथरूम त्यांच्या उपयोगाची नाही. दार अरुंद, उंबरठा उंच, उकिडवं बसावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलंय की कमोड हवा, भिंतीत धरायला दांडे हवेत, वॉकर आत जाईल एवढं दार हवं. ते होईपर्यंत बाबा ताईकडे. तिथे त्यांना करमत नाही. जावयाच्या घरात मोठ्याने खोकायचाही संकोच वाटतो म्हणतात.

हिने कुठून तरी एका कंत्राटदाराचं एस्टिमेट आणलं. माणसं, सामान, सगळं तो बघणार आणि वर स्वतःचे पंधरा टक्के घेणार. मी विचारलं, हा नेमका करतो काय? ही म्हणाली, माणसं आणतो आणि कामं क्रमाने करून घेतो. म्हणजे फोन करतो. फोन माझ्याकडेही आहे! ऑफिसात वीस जणांच्या रजा मी जुळवतो. एका आठवड्यात तीन लग्नं आली तरी एक टेबल रिकामं राहत नाही. आणि चार कारागीर जुळवायला पंधरा टक्के? त्या माणसाचं तोंडही बघायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. हिने एस्टिमेटची घडी करून कपाटात ठेवली. म्हणजे पटलं.

५ फेब्रुवारी

संध्याकाळी बाबांचा फोन. काम कधी सुरू होतंय, विचारत होते. म्हटलं, बाबा, मी जातीने करवून घेतोय, महिन्याच्या आत घरी येताय. ते म्हणाले, तू सुरुवात नेहमीच छान करतोस.

वाक्य वरवर कौतुकाचं आहे. पण मी त्यांचा मुलगा आहे, मला कळतं. या वेळी त्यांच्या तोंडून 'छान केलंस' ऐकायचंच. नुसती सुरुवात नव्हे, पूर्ण.

७ फेब्रुवारी

चार्ट तयार. चार कारागीर, चार रंग. कोणी कधी यायचं, कोणी कधी जायचं, सगळं एका नजरेत. लॅमिनेट करून बाथरूमच्या भिंतीवर चिकटवला. ज्याला काम करायचंय त्याच्या डोळ्यांसमोरच हवा.

९ फेब्रुवारी, रविवार

मिस्त्री, प्लंबर, फरशीवाला आणि सुतार यांची संयुक्त मीटिंग. कामाच्या जागीच घेतली. आमच्या बाथरूममध्ये दोन माणसं उभी राहतात, तिसऱ्याला एक पाय कमोडच्या नियोजित जागी ठेवावा लागतो. सुतार स्वयंपाकघरातून ऐकत होता. त्याने तेवढ्यात दाराचं माप घेऊन टाकलं, याला म्हणतात तत्परता. प्लंबरने विचारलं, सामान कोण आणणार? म्हटलं, तो दुसरा टप्पा आहे. सगळे हसले. वातावरण खेळीमेळीचं होतं.

१० फेब्रुवारी

मिस्त्री सकाळीच आला. दुपारपर्यंत चारही भिंती सोलून काढल्या. चार्टही गेला. हरकत नाही, माझ्या डोक्यात आहे.

१३ फेब्रुवारी

प्लंबर तीन दिवस 'निघालोच' म्हणतोय. बहुतेक खूप लांब राहत असावा. फरशीवाला मात्र मोकळा होता. रजेच्या बाबतीत आपण काय करतो? एक नसेल तर दुसऱ्याला त्याच्या जागी बसवतो. त्याला म्हटलं, लाग कामाला. त्याने विचारलं, पाइप? म्हटलं, पाइपांचं प्लंबर बघेल. त्याने पुन्हा विचारलं. म्हटलं, जबाबदारी माझी. मग त्याने एकदाही विचारलं नाही. कारागिराला असा आधार लागतो.

रात्री हिला सांगितलं की कंत्राटदार असता तर आजचा दिवस फुकट गेला असता.

१६ फेब्रुवारी

फरशी झाली! भिंतींना फिकट निळ्या टाइल्स. डोळे निवले. ताईला फोटो पाठवला. बाबांनी निरोप दिला की सुंदर आहे, पण नळ कुठे आहेत. मी कळवलं, बाबा, ते तपशील आहेत.

१८ फेब्रुवारी

प्लंबर उगवला. भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन पालथ्या बादलीवर बसला. म्हणाला, पाइप भिंतीच्या आत जातात. मी सुचवलं, बाहेरून घे, हल्ली तसंच दिसायला आवडतं लोकांना. तो म्हणाला, गरम पाण्याचा पाइप म्हाताऱ्या माणसाच्या खांद्याशी येईल, चालेल का? नाही चालणार. दोन भिंतींच्या टाइल्स फोडाव्या लागल्या.

दुकानात तो निळा रंग संपलाय. जरा गडद आहे, तो आणतो म्हटलं. दोन छटा असल्या की खोली मोठी वाटते, हे हिला समजावलं. तिने हातातलं पातेलं ओट्यावर जरा जोरात ठेवलं.

संध्याकाळी उतार तपासायला एक बादली ओतली. पाणी जाळीकडे न जाता दारातून बाहेर आलं आणि सोफ्याखाली गेलं. वाहतंय मात्र उत्तम.

२१ फेब्रुवारी

सुतार दार घेऊन आला. दार मापाप्रमाणे आहे, पण मापानंतर फरशी वर आली. आता ते अर्धं उघडतं आणि टेकतं. अर्ध्या दारातून माणूस जातो, वॉकर जात नाही. सुतार म्हणाला, माप घेताना मला कोणी सांगितलं होतं? रास्त प्रश्न आहे, पण सूर बरोबर नव्हता.

फरशीवाला दुसरीकडे लागलाय. मिस्त्री फोन उचलत नाही. प्लंबर निघालाय.

२३ फेब्रुवारी

बाबांचा फोन. आज त्यांनी काम कुठवर आलं ते विचारलं नाही. ऑफिस कसं आहे विचारलं, ऊन फार आहे का विचारलं, आणि फोन ताईकडे दिला. ताई दुसऱ्या खोलीत जाऊन हळू आवाजात म्हणाली, त्यांनी संध्याकाळचा चहा सोडलाय. तिच्या बाथरूमला दोन पायऱ्या आहेत, दर वेळी जावयाला हाक मारावी लागते, म्हणून पाणीसुद्धा मोजून पितात.

फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. हिला सांगितलं तर ती फोन घेऊन गच्चीवर गेली.

मी चारही कारागिरांना एक कडक मेसेज पाठवला. चार परिच्छेद. शेवटी तीन उद्गारचिन्हं.

२५ फेब्रुवारी

मेसेजचा परिणाम बघा! मिस्त्री आठ वाजता दारात. पाठोपाठ प्लंबर. फरशीवालासुद्धा. शब्दांत ताकद असते, ती वापरता यायला हवी.

त्यांच्याबरोबर एक टोपीवाले गृहस्थ होते. हात मागे बांधून सगळीकडे बघत होते. ही म्हणाली, बाबांच्या माहितीतले आहेत, काम बघायला आलेत. बाबा असे, मुलाने काय चालवलंय ते बघायला माणूस पाठवतात! मी त्यांना हाताला धरून सगळं दाखवलं. कारागिरांकडून काम कसं काढून घ्यायचं यावर अर्धा तास बोललो. मन लावून ऐकत होते. मध्येमध्ये त्यांना फोन मात्र फार येतात. रिटायर्ड माणसाला एवढे फोन येतात याचं नवल वाटलं.

१ मार्च

कामाचा काय वेग आहे! मी ऑफिसात असतानाही थांबत नाही. एकदा यंत्रणा लावून दिली की ती आपोआप चालते. उतार दुरुस्त झाला. मूळच्या निळ्या टाइल्सही मिळाल्या, टोपीवाल्यांना एक दुकान माहीत होतं. दार आता बाजूला सरकणारं केलंय. हे माझ्या मनात पहिल्यापासून होतं, फक्त बोललो नव्हतो.

टोपीवाले रोज येतात. घरी करमत नसावं. आज मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, बघा, कंत्राटदार न लावता. ते म्हणाले, हो, दिसतंय. चहा जरा घशात अडकला त्यांच्या.

५ मार्च

सगळं झालं. कमोड, दांडे, नळ. टोपीवाल्यांनी प्रत्येक दांड्याला लोंबकळून बघितलं. हौशी माणूस आहे.

फक्त आतली कडी राहिली होती. ती मी स्वतः बसवली. टोपीवाले म्हणाले, राहू द्या, सुतार बसवेल. मी ऐकलं नाही. एवढं काम करवून घेतलं, एक तरी वस्तू आपल्या हातची असावी. दोन स्क्रू उरले. कंपन्या जास्तीचे देतात.

वाचलेल्या पंधरा टक्क्यांचं काय करावं? हिला विचारलं. तिने स्वयंपाकघरात काहीतरी विसरल्यासारखं केलं.

८ मार्च, शनिवार

बाबा आले. वॉकर घेऊन थेट बाथरूममध्ये. कोणाचा हात न धरता बसले, दांडा धरून उठले, नळ सोडला, तोंड धुतलं. बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, छान केलंस.

मी उगाचच वॉकरची मूठ पुसली. टोपीवालेही हजर होते, ते छताकडे बघत होते. ही टोपीवाल्यांकडे बघत होती.

मग बाबांना कडी कशी लावायची ते दाखवायला मी एकटा आत गेलो आणि दार सरकवलं. कडी लोण्यासारखी बसली. उघडली मात्र नाही. वरचा गोळा नुसताच फिरत राहिला. मी आतून सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. कोणी अशांत झालं नव्हतं.

टोपीवाले फाटकापर्यंत गेले होते, ते परत आले. त्यांनी एक फोन केला आणि चहा उकळायच्या आत सुतार हजर. माझ्या फोनला हेच लोक तीन-तीन दिवस लावायचे. मी दाराला कान लावून उभा होतो. खरं तर कान लावायची गरज नव्हती, स्वतःच्या घरी आल्यापासून बाबांचा आवाज पुन्हा मोठा झालाय. ते म्हणत होते, या दाराचंही माझ्याच बिलात धरा, तुमचे पंधरा टक्के लावून. आणि पोराला कळू देऊ नका. खुशीत आहे.

मी कमोडवर बसलो. बसायला आरामशीर आहे, हे मान्य केलं पाहिजे. दार निघालं तेव्हा बाहेर येऊन म्हटलं, आतून काहीच ऐकू येत नाही, काम पक्कं झालंय. सगळ्यांनी मान डोलावली.

९ मार्च, रविवार

दार परत बसलं. कडी निघाली ती निघालीच, नवी यायचीय. सकाळी चहाचा दुसरा कप बाबांनी स्वतः मागून घेतला.

आता ते आंघोळीला गेलेत. कडीशिवाय त्यांना अवघडल्यासारखं होतं, म्हणून मी बाहेर खुर्ची टाकून बसलोय, पाय दाराला लावून. थोड्या थोड्या वेळाने ते आतून मोठ्याने विचारतात, आहेस ना? आहे म्हणतो.

आत्ताच टोपीवाल्यांचा फोन आला. कडी मिळाली म्हणे, आजच माणूस पाठवू का?

म्हटलं, सावकाश पाठवा.