खालच्या वाडीतला विरोधी पक्ष

खालची वाडी, ता. मालवण, जि. रत्नागिरी
दि. ११ मे १९६४

चिरंजीव सत्यवान यास दाजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचं कारण शेवटी येईल, आधी खुशाली. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या बहिणीचा, म्हणजे आमच्या सुशीलेचा, गुडघा भरतीला दुखतो आणि ओहोटीला राहतो, त्यामुळे होडी लोटायची वेळ माणसं हल्ली पंचांगात न बघता तिलाच विचारतात. तुझ्या परळच्या खोलीवर नळाला पाणी येतं ना? ऑफिसातला साहेब शांत आहे ना? आणि रेडिओ कसा आहे? त्याच्यावर सुशीलेने विणून दिलेलं फडकं घालत जा, धूळ बसू देऊ नकोस. (मेव्हण्यापेक्षा मेव्हण्याच्या रेडिओची काळजी जास्त का, हे पुढे कळेल. तूर्त फडकं घाल.)

दिवाळीत चष्म्यासाठी मी तुझ्याकडे आठ दिवस राहिलो, तेव्हा त्या रेडिओनेच माझं डोकं फिरवलं. दिल्लीला कुठल्याशा बुडालेल्या बँकेचं देणं सरकारने स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं आणि विरोधी पक्षाने सरकारला असं धारेवर धरलं होतं की चष्मा मिळायच्या आधीच मला सगळं स्वच्छ दिसायला लागलं. कर्ज बुडवणारे कोण आहेत, त्यांची नावं सभागृहात वाचा, असं कोणी तरी गरजलं म्हणे. (तू तेव्हा उठून मध्येच गाणी लावलीस. का लावलीस ते आज कळलं.) परतीच्या बोटीत मी एकच विचार करत होतो. आपल्या वाडीत देऊळ आहे, शाळा आहे, पोस्टाची पेटी आहे, नाही तो फक्त विरोधी पक्ष.

आणि घरी येऊन पाय धुतो न धुतो तोच आपली सागरप्रसाद मच्छीमार पतपेढी बुडाली! जाळ्यांसाठी, होड्यांसाठी म्हणून लोकांनी कर्जं नेली ती परत आलीच नाहीत, आणि ठेवी ठेवणारे बिचारे रोज जाऊन दाराचं कुलूप हलवून बघायला लागले. त्यात आपली हिरा. टोपली डोक्यावर घेऊन वीस वर्षं मासे विकले तिने, आणि घरावरची झावळं काढून कौलं घालायची म्हणून दोनशे चाळीस रुपये बिस्किटांच्या डब्यात साठवले. डबा चोर नेईल, पेढीत ठेव, असं तिला कोणी सांगितलं? मी. पेढीच्या दारापर्यंत तिच्या पुढे डबा धरून कोण चाललं? तेही मीच. त्यामुळे ती हल्ली मला वाटेत भेटली की नुसती आपल्या घराच्या छपराकडे बघते. मृग तोंडावर आला आहे. एक वेळ शिव्या परवडल्या, पण ते बघणं नको.

आबा सरपंचांनी तोड काढली ती अशी: पेढीचं देणं वाडीने उचलावं, घरटी दोन रुपये जादा काढावे आणि ठेवीदारांना तीन वर्षांत फेडावं. मला वाटलं, हीच दिल्ली! खाल्लं कोणी आणि भरायचं कोणी? मी ताबडतोब विरोधी पक्ष स्थापन केला. पक्षात मी आणि बाबली. (बाबलीला बँकेतलं काही कळत नाही, पण आबांनी त्याला मुलीच्या लग्नात दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं.) आमचं म्हणणं साधं होतं. वाडीवर दोन रुपये लादू नका, कर्जदारांची नावं चारचौघांत वाचा, लाजेकाजेने पैसे आठ दिवसांत येतील आणि हिराची कौलं पावसाआधी चढतील. बोल, यात काय चुकलं?

सभा देवळात भरली. विरोधी पक्ष समोरच्या बाजूला बसतो असं रेडिओवरून माझ्या लक्षात होतं. आबांच्या समोरची बाजू नेमकी बायकांची निघाली, तेव्हा मी आणि बाबली बायकांत बसलो. माझ्या शेजारी हिरा. मी उभा राहून बोललो ते तू ऐकायला हवं होतंस. जनतेचा पैसा म्हटलं, लोकशाही म्हटलं, दोनदा टेबल समजून देवळाच्या खांबावर मूठ आपटली, ती अजून सुजलेली आहे. मध्येच हिराने विचारलं, "दाजी, तुजा भाषाण घरार घातला तर पाऊस थांबात काय?" बायका हसल्या. मी म्हटलं, थांब, आता यादी वाचायला लावतो. आणि ओरडलो, नावं वाचा! पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही नाव न गाळता वाचा!

आबा पेढीची वही मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मला डोळे मिचकावले. मी आणखी जोरात ओरडलो. त्यांनी मान हलवली, घसा खाकरला, शेवटी हात जोडून "दाजी, बस रे बाबा खाली" असंही म्हणाले. मला वाटलं, सरकार घाबरलं! मग त्या माणसाने काय करावं? सरपंच असले तरी ते गावकारही आहेत, देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचाच. वही बाजूला ठेवून त्यांनी सरळ नारळ हातात घेतला, देवाकडे तोंड केलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली हत. पेढी बुडाली, गरिबाचो पैसो अडाकलो. ता देणा वाडयेन आपल्या खांद्यार घेतलेला आसा, ता तडीक लाव रे म्हाराजा!"

आता तूच सांग. जन्मल्यापासून गाऱ्हाण्याला आपण काय म्हणतो? सगळं देऊळ म्हणालं, "व्हय म्हाराजा!" बाबली म्हणाला. आणि सर्वांत मोठ्याने, हात जोडून, डोळे मिटून, मी म्हणालो. डोळे उघडले तेव्हा नारळ फुटला होता आणि ग्रामसेवक वहीत लिहीत होता: ठराव विरोधी पक्षासह एकमताने मंजूर. देवासमोर होकार दिल्यावर सभात्याग तरी कोणत्या तोंडाने करायचा? बाबलीने खोबरंही घेतलं.

सगळे गेल्यावर मी आबांशी भांडायला थांबलो. त्यांनी वही उघडून माझ्या पुढ्यात धरली. यादीत तिसरं नाव: सत्यवान, कारण जाळी, रुपये दोनशे चाळीस, हप्ता एकही नाही. खाली जामीनदार म्हणून माझी सही, चांगली वळणदार. सत्या, सगळे हप्ते फेडले म्हणून तू मला देवाची शपथ घेऊन सांगितलं होतंस! आणि तारीख बघितली तर ज्या दिवशी मी हिराचा डबा पेढीत रिकामा करवला, त्याच दिवशी ते पैसे तुला मिळालेले. जाळं तर तू विकत घेतलेलं कोणी पाहिलं नाही. पाहिला तो रेडिओ. हिराच्या कौलांवर मी आठ दिवस दिल्लीच्या बातम्या ऐकत बसलो होतो. आबांना मी वैरी समजत होतो, आणि तो माणूस माझी अब्रू झाकायला देवाला मध्ये घालत होता. मला फार लाज वाटली.

बाकी सर्व क्षेम. प्रकृतीस जप, उन्हात फिरू नकोस.

तुझा,
दाजी
(विरोधी पक्षनेता, निवृत्त)

ता. क. वाडीचे पैसे हिराला तीन वर्षांत मिळतील, पाऊस तीन आठवड्यांत येईल. तेव्हा रेडिओ विक आणि दोनशे चाळीस रुपये मनिऑर्डरने माझ्या नावे पाठव. कमी पडले तर मी घालीन, नवा पेपर बंद करून चष्म्याने जुनाच वाचीन.

ता. क. २. आत्ताच हिरा येऊन वाटीभर सुक्या कोळंबीचे सोडे देऊन गेली. म्हणाली, "दाजी, तुजो व्हय म्हाराजा सगळ्यात मोठो होतो. माजी काळजी तुका एकट्याकच." सुशीलेने सोड्यांचं कालवण केलं आहे. माझी वाटी मी बाबलीकडे पाठवली.

ता. क. ३. रेडिओ विकण्याआधी एकदा लावून बघ. दिल्लीच्या त्या विरोधी पक्षनेत्याला यादीत कोणाचं नाव सापडलं, तेवढं कळव.